ओळख पटली नाही

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, रोज संध्याकाळी ज्याच्याबरोबर फिरायला जातो त्या मित्राला नाही. देवापुढं उभा राहिलो तरी तिथंही मी विषय बदलतो — गुडघे, पाऊस, मुलाची बदली. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर सांगितलं असतं का? नसतं. तेवढा धीट मी कधीच नव्हतो.

तशी गोष्ट छोटी आहे. खून नाही, अफरातफर नाही. एका अर्जावर मी तीन शब्दांचा शेरा मारला, एवढंच. पण एकदम तिथं उडी मारली तर तुम्हाला काही कळायचं नाही. आणि खरं सांगू का — मलाही तिथं जरा लांबूनच जायचंय.

मी तारखात्यातला माणूस. कडकट्ट करत उमेदीची वर्षं गेली, मग तारा बंद झाल्या, पण बोटांची खोड गेली नाही. म्हणून हौशी रेडिओचा परवाना काढून ठेवला होता. ही एक वेगळीच जमात असते. सरकारी परीक्षा द्यायची, पास झालं की आपलं असं एक सांकेतिक नाव मिळतं, आणि मग घरच्या गच्चीवर तार बांधून जगातल्या कुठल्याही अनोळखी माणसाशी बोलायचं. त्यात कमाई शून्य. बायको म्हणते, एवढा वेळ शिकवण्या घेतल्या असत्या तर आज वर मजला चढला असता. खोटं नाही ते.

आता इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला एक पत्ता लागतो, आकड्यांचा, हे तुम्हाला माहीत असेल. अशा पत्त्यांचा एक मोठा तुकडा जगभरच्या हौशी रेडिओवाल्यांसाठी फार पूर्वीपासून राखून ठेवलेला आहे. चव्वेचाळीसनं सुरू होणारे पत्ते. फुकट मिळतात, कायमचे मिळतात, पण परवाना असेल त्यालाच. मग अर्ज करणारा खरंच परवानाधारक आहे का, आणि तो म्हणतो तोच माणूस आहे का, हे कुणीतरी तपासावं लागतं. आमच्या भागातले अर्ज माझ्याकडं यायचे, मंजूर झालेल्यांना पत्ते वाटून देणंही माझ्याकडंच. मानधन नाही, खुर्ची नाही, शिक्का नाही. मी हो लिहिलं की हो, नाही लिहिलं की नाही. माझ्या वर या कामात कुणीही नव्हतं.

आणि मला ते आवडायचं. का नाही आवडणार? आमच्या घरात तीन पिढ्या कारकुनी. दुसऱ्याच्या कागदावर शेरा मारण्याचं सुख काय असतं ते आमच्या रक्तालाच ठाऊक.

दुष्काळाची वर्षं होती ती. आमच्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, नळाला आठवड्यानं पाणी यायचं आणि त्याच वेळी चहूकडं नव्या इमारती उठत होत्या. माणसं गावाकडून पाण्यामागं शहरात येत होती आणि त्याच इमारतींवर कामाला लागत होती. जिच्या अर्जाची ही गोष्ट, त्या सुनंदाचे वडील असेच आलेले. पूर्वी मेंढरं राखायचे, इथं एका बांधकामावर रखवालदार झाले. मी तेव्हा गुलमंडीत एका कापडदुकानाच्या वरच्या खोलीत दर रविवारी परीक्षेचा वर्ग घ्यायचो. ही पोरगी पॉलिटेक्निकला होती, कुठंतरी जाहिरात वाचून आली. पहिल्या दिवशी चपला जिन्याच्या खालीच काढून आली, वर येईपर्यंत पाय पोळले असतील.

तिच्या हाताबद्दल सांगायलाच हवं. मोर्सचे, म्हणजे तारेच्या सांकेतिक लिपीचे, ठोके सगळ्यांचे सारखेच असतात असं बाहेरच्यांना वाटतं. तसं नसतं. अक्षर असतं तसं ते — प्रत्येकाचं वेगळं. सुनंदाच्या लांब ठोक्याला शेवटी बारीकशी ओढ असायची, जणू बोट उचलायला तिला जिवावर येतंय. ते मी पहिल्या महिन्यात सुधारायला सांगितलं, दुसऱ्या महिन्यात सांगणं सोडून दिलं, कारण ऐकायला गोड वाटायचं. चार महिन्यांत ती माझ्यापेक्षा वेगानं ठोके उतरवून घेऊ लागली. वरची परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाली. तिच्या परवान्याची पहिली झेरॉक्स मी माझ्या हातानं काढली. हे मुद्दाम सांगतोय.

मग तिचं लग्न झालं. सिल्लोडच्या पलीकडं, डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीवर दिलं. मेंढपाळांचीच घरं, थोडी कोरडवाहू शेती. त्या घरात सुनंदा नावाची नणंद आधीच होती, आणि एका घरात एका नावाच्या दोघी नकोत म्हणून लग्नातच तिचं नाव बदलून गोदावरी ठेवलं. तुमच्या-आमच्या घरांतही पूर्वी हे होतच होतं, त्यात नवल काही नाही. आधार कार्ड लग्नानंतर निघालं, ते सासरच्या नावानं. परवाना राहिला माहेरच्या नावावर.

दोनेक वर्षांनी तिचा अर्ज आला. सोबत मोठं पत्र. वाडीवर मोबाइलची रेंज नाही. टँकर कधी अलीकडच्या गावातच रिकामा होऊन परत फिरतो, आणि आला नाही हे कळवायला कुणीतरी दोन तास टेकडी चढून-उतरून जातं. तिनं टेकडीवर एक छोटा संच आणि सिल्लोडला मामाच्या दुकानात दुसरा, असा दुवा जोडला होता. मामाकडं इंटरनेट होतं. या दुव्याला कायमचा पत्ता मिळाला की टँकर आला की नाही याची रोज सकाळी आपोआप नोंद होणार होती, आणि ती नोंद बघून दखल घ्यायला तहसील कचेरीतले एक भले गृहस्थ तयार झाले होते. शेवटी लिहिलं होतं — सासऱ्यांनी पाडव्यापर्यंत मुदत दिली आहे सर. तोवर जमलं तर माझा संच राहील. नाहीतर तो विकायचा, आणि मी बाकीच्यांसारखं मेंढरांमागं निघायचं.

म्हणजे मला सगळं माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय तिनं ठेवलीच नव्हती.

मग मी सही का केली नाही?

इथं मी कितीदा तरी अडखळलोय. कारण एवढं हलकं आहे की सांगताना जीभ अडते. अर्ज यायच्या आधीच्या रविवारी आमची सकाळची बैठक होती — रेडिओवरची, पुण्यापासून नांदेडपर्यंतचे लोक एकाच वेळी ऐकतात. मी पत्त्यांची वाटणी कशी करतो ते मोठ्या ऐटीत समजावून सांगत होतो. तेवढ्यात तिचा आवाज आला. "सर, नमस्कार. माझी चूक आसंल, पण यादीत दोघांना एकच पत्ता गेल्यावानी दिसतंय." मी म्हटलं, शक्य नाही. तिनं आकडे वाचून दाखवले. चूक माझीच होती, आणि शाळकरी पोरानं करावी अशी होती. मग पुण्याचे एक जुने सदस्य हसत म्हणाले, "गुरूची विद्या गुरूलाच फळली की हो!" आणि सगळे हसले. मीही हसलो.

हसलो, पण दिवसभर मला जेवण गेलं नाही. ती खरी होती म्हणून नाही. माझ्या मनात काय आलं ते तसंच्या तसं लिहितो — मेंढरामागची पोरगी, मी हिला अक्षर शिकवलं, आणि ही चारचौघांत मला शिकवते? असं आलं. मी सुधारलेला माणूस समजतो स्वतःला. आमच्याकडं सगळ्यांना सारख्याच कपात चहा. पण हे आतून आलं, आणि कुठून आलं ते मला नीट ठाऊक होतं.

चार दिवसांनी तिचा अर्ज समोर आला. आधारवर गोदावरी, परवान्यावर सुनंदा. आणि मला नियम आठवला.

त्याच वर्षात मी शहरातले कितीतरी अर्ज झटक्यात मंजूर केले होते. एकाचा परवान्याचा फोटो इतका पुसट होता की नावाऐवजी अंगठाच दिसत होता. एकानं टोपणनावानं अर्ज केला होता, मी हसून पुढं ढकलला. ओळखीचे लोक! ओळख म्हणजे काय, हे मी तोवर कधी विचारलंच नव्हतं. तिच्या बाबतीत मात्र नियमावली उघडून बसलो. नावात फरक असेल तर पडताळणी करणाऱ्यानं आपली खात्री करून घ्यावी, असं त्यात होतं. म्हणजे मला एक ओळ लिहायची होती. ही माझी विद्यार्थिनी आहे, लग्नानंतर नाव बदललं आहे. संपलं.

मी तिला कळवलं की कागद जुळत नाहीत, तेव्हा रेडिओवरच ओळख पटवावी लागेल. ही माझी स्वतःची पद्धत होती — शंका आली की अर्जदाराला ठरलेल्या वेळी मला मोर्समध्ये बोलवायला सांगायचो. परवान्याची नक्कल करता येते, हाताची येत नाही. तिला एक आठवडा दिला. रोज सकाळी पावणेसात. तिनं उलट निरोप पाठवला, "हे बरं झालं सर. तुम्ही माझा हात वळखतालच."

पहिल्या सकाळी मी वेळेवर बसलो. आता खरं सांगतो, तेव्हाही मी उत्तर देणार होतो. थोडं ताटकळवायचं, एखादा दिवस, आणि मग द्यायचं, असं ठरवलं होतं. बरोबर पावणेसातला ठोके आले. माझं सांकेतिक नाव, मग तिचं. माझं, मग तिचं. आणि प्रत्येक लांब ठोक्याच्या शेवटी ती ओढ. गुलमंडीच्या खोलीत ऐकायचो तशीच. मी हात मांडीवर ठेवून ऐकत राहिलो. वीस मिनिटांनी तिनं थांबवलं.

दुसऱ्या दिवशी उत्तर द्यायला काय हरकत होती? मीही स्वतःला हेच विचारलं. पण काल का दिलं नाही, असं तिनं विचारलं तर? मग तिसऱ्या दिवशी दोन दिवसांचं उत्तर द्यावं लागणार होतं. असं करत करत ते वाढत गेलं. पाचव्या दिवसापर्यंत मला तिचा राग यायला लागला होता. कशाला एवढं बोलावते, कळत नाही का हिला?

सहाव्या दिवशी बायको चहा घेऊन आली आणि दारातच थांबली. तिला मोर्स येत नाही, पण तीस वर्षं संसार केलाय माझ्याशी, माझ्या नावाची लय तिच्या कानात बसलेली. म्हणाली, "अहो, तुम्हालाच बोलावतंय ना कुणी तरी? उत्तर का देत नाही?"

मी म्हणालो, "लांबचं स्टेशन आहे. माझं तिकडं पोचायचं नाही."

ती कप ठेवून गेली. सातव्या दिवशी सुनंदानं नावांनंतर दोन शब्द जास्त ठोकले. सर, नमस्कार. बस, एवढंच. मग रेडिओच्या पट्टीवर नुसती खरखर राहिली. मी अर्ज उघडला आणि शेरा लिहिला. ओळख पटली नाही.

माझ्या आयुष्यात कुणाचीही ओळख मला इतकी पक्की पटलेली नव्हती.

दोन दिवसांनी तिचा फोन आला. टेकडी चढून रेंजमध्ये आली असणार, धाप लागलेली ऐकू येत होती. मी म्हणालो, "मी पुष्कळ प्रयत्न केला गं, पण वरून मंजुरी नाही आली." वरून! सगळं आयुष्य सरकारी कचेरीत गेलेलं, हे शब्द माझ्या तोंडात बसलेलेच होते. वरचा मी होतो. ती म्हणाली, "बरं सर. तुम्ही केलं तेवढं लई झालं." पाडव्याला तेव्हा अजून अकरा दिवस होते. अकरा दिवस शेरा बदलणं माझ्या हातात होतं. मी दोनदा अर्ज उघडला. दोनदा बंद केला.

त्यानंतर तिचं नाव पट्टीवर आलं नाही. पुढं सकाळची बैठक मीच चालवत होतो. सगळ्यांची हजेरी झाली की विचारायची रीत असते — अजून कुणी आहे का? ते विचारलं की मी जरा जास्तच वेळ थांबायचो. लोक थट्टा करायचे, गुरुजींना झोप लागली. मला त्या खरखरीत ती ओढ ऐकू यायची. नसायची, मला माहीत होतं. कधी कधी पावणेसातला संच बंद असतानाही ऐकू यायची. बायको म्हणायची, कान दाखवून या. दाखवले. कान उत्तम आहेत म्हणाले डॉक्टर.

पडताळणीचं काम मी लवकरच सोडलं. सत्कार झाला माझा. शाल मिळाली. "एकही अर्ज डोळे झाकून मंजूर न करणारे" असं कुणीतरी भाषणात म्हणालं, आणि टाळ्या झाल्या.

गेल्या वर्षी बिडकीनच्या बाजूला एका कारखान्यात सुरक्षेच्या कार्यक्रमासाठी मला बोलावलं होतं, बिनतारी संच कसे वापरायचे ते कामगारांना दाखवायला. तो भाग ओळखू येत नाही आता, शेतं होती तिथं चौपदरी रस्ते. दुपारी कार्यक्रम संपला. एक बाई चहाचा ट्रे घेऊन आली, कॅन्टीनची निळी साडी. मागून कुणीतरी हाक मारली, "गोदावरे, इकडंबी दे!" तिनं ट्रे माझ्यापुढं धरला आणि तशीच उभी राहिली.

"सर, वळखलं का?"

"सुनंदा," मी म्हणालो. एक क्षणही लागला नाही. एवढ्या वर्षांत ती वाळली होती, केस पिकायला लागले होते, तरी नाही लागला.

तिचा चेहरा असा काही उजळला की मला खाली बघावं लागलं. त्या नावानं तिला बऱ्याच दिवसांत कुणी हाक मारली नव्हती म्हणे. ट्रे टेबलावर ठेवून ती समोर बसली आणि सगळं सांगत गेली, तक्रार म्हणून नाही, घरच्या माणसाला सांगावं तसं. संच पाडव्यानंतर विकला. टँकर येईना म्हणून सासू विहिरीकडं गेली आणि उतरताना घसरली, खुबा मोडला, ती पुढं उठलीच नाही. घरातल्यांनी मेंढरं घेऊन वाट धरली, हीही त्यांच्यामागं. दोन वर्षं चालणं झालं. मग मेंढरंही गेली आणि ते इथं आले. सासूचा खुबा माझ्या शेऱ्यामुळं मोडला असं मी म्हणू शकत नाही. मोडला नाही असंही म्हणू शकत नाही. हे मला आयुष्यभर ठरवता येणार नाही, आणि ठरवता येत नाही म्हणून सुटलो असं तर मुळीच नाही.

मला वाटलं, आता. आता सांगून टाकावं. कोपऱ्यात दोनचार माणसं होती, ऐकणारं कुणी नव्हतं. तोंडात शब्दही आले होते.

तेवढ्यात तीच म्हणाली, "सर, एक इचारू? लई वर्सं मनात हाय. त्या सात दिसांत माझं काहीच आलं नव्हतं का हो तुमच्यापस्तोर? थोडंबी?"

ती माझ्याकडं सरळ बघत होती. संशय नव्हता त्यात. कारागीर आपल्या कामाबद्दल विचारतो तसं विचारत होती.

मी म्हणालो, "नाही."

"मला वाटलंच," ती म्हणाली. "त्या बैठकीनंतर तार नव्यानं बांधली व्हती म्या, तीच चुकीची झाली. सासरे म्हनले व्हते दुसऱ्या अंगानं बांध, म्या ऐकलं नाय. इतकी वर्सं तेच येतंय डोक्यात, की तेवढी तार नीट बांधली आसती तर समदंच येगळं झालं आसतं." मग माझ्याकडं बघून हसली. "तुमी नका मनाला लावून घेऊ सर. माझ्याच हाताची चूक."

तार तिनं बरोबर बांधली होती. सातही दिवस अक्षर न् अक्षर स्वच्छ येत होतं. हे तिला सांगायला एक वाक्य पुरलं असतं, आणि ती समोर बसलेली होती. मी तिनं आणलेला चहा प्यालो, चहा चांगला झालाय म्हणालो, आणि घरी आलो.